डोकं जळतंय म्हणजे औषध 'लागू पडतंय' असं नाही!

पाणी, खड्डे, सिडकोची घरं यावर तर आपण रोजच भांडतो. आज केसांवर लिहितोय. हसू नका, पूर्ण वाचा.

वाशी-कोपरखैरण्यातल्या मेडिकलसमोर संध्याकाळी थोडा वेळ उभे राहा. पंचविशीतली पोरं येतात, मोबाइलवर नाव दाखवतात आणि मिनॉक्सिडिलची बाटली घेऊन जातात. डॉक्टरची चिठ्ठी नाही, काही नाही. काही दिवसांनी यातल्या काहींचं डोकं खाजतं, लाल होतं, कोंड्यासारखे पापुद्रे निघतात. मग मित्र सांगतो, "जळतंय ना? म्हणजे लागू पडतंय, सोडू नको." हे साफ खोटं आहे. जळजळीचा आणि केस उगवण्याचा काडीचा संबंध नाही.

मुळात हे रक्तदाबाच्या गोळीतलं औषध. गोळी घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढले तेव्हा त्याचा हा उपयोग लक्षात आला आणि १९८८ मध्ये अमेरिकेत ते डोक्याला लावायला मान्यता मिळाली. पण ते पाण्यात नीट विरघळत नाही. म्हणून बाटलीत अल्कोहोल आणि प्रोपिलीन ग्लायकॉल घालतात. बहुतेकांना त्रास होतो तो या प्रोपिलीन ग्लायकॉलचा. फोममध्ये सहसा ते नसतं, म्हणून त्वचारोगतज्ज्ञ बाटली बंद करून फोम देतात. थोड्या लोकांना मात्र मिनॉक्सिडिलचीच ॲलर्जी असते, त्यांना फोमही चालत नाही. कोणाला कशाचा त्रास, हे पॅच टेस्टमध्ये कळतं, मेडिकलच्या काउंटरवर नाही.

त्यात आपली हवा दमट. लोकलमधला घाम, ठाणे-बेलापूर रोडवर तासभर हेल्मेट, आणि औषध सुकायच्या आतच ते डोक्यावर चढवायचं. काही जण तर लवकर गुण यावा म्हणून दुप्पट ओततात. एका वेळी १ मिली, बस. जास्त ओतल्याने केस जास्त येत नाहीत, आग मात्र जास्त होते.

डोक्यावर ओरखडे, फोड असतील तर लावूच नका. अशा त्वचेतून औषध रक्तात जास्त शिरतं. छाती धडधडली, चक्कर आली, चेहरा किंवा हातपाय सुजले तर लगेच बंद करा आणि डॉक्टर गाठा. मनाने स्टिरॉइडची ट्यूब चोपडू नका. (सुरुवातीच्या काही आठवड्यांत केस जास्त गळतात ते वेगळं, त्याची खाजेशी गल्लत नको.) नेरूळला डी. वाय. पाटील, कामोठ्याला एमजीएम, दोन्हीकडे त्वचारोग विभाग आहे. लांब जायची गरज नाही.

आता खरा मुद्दा. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाण्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांना काही दिवसांत टक्कल पडलं. तो प्रकार वेगळा होता, बाटलीचा नव्हता. पण गावंच्या गावं बोलली, म्हणून आयसीएमआरचं पथक आलं, पाण्याचे आणि रक्ताचे नमुने घेतले गेले. आपल्याकडे प्रत्येक जण बाथरूमच्या आरशासमोर एकटाच खाजवत बसतो. टकलाची लाज, त्यात औषधाने डोकं भाजल्याची लाज. मग कुठे नोंद होणार?

नोंदीची सोय आहे बरं का. औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा केंद्राचा कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. रुग्ण स्वतः टोल फ्री १८००-१८०-३०२४ वर कळवू शकतो. हा नंबर प्रत्येक मेडिकलमध्ये आणि महापालिकेच्या वाशी, नेरूळ, ऐरोलीच्या रुग्णालयांत ठळक मराठीत लावा, ही माझी मागणी आहे. यात खर्च कागदाचा आणि चिकटपट्टीचा. स्थानिक नगरसेवकांना टॅग करा, मीही करतोय.

आणि हो, त्रास झाला म्हणून रागाने बाटली फेकू नका. तक्रार करताना बॅच नंबर लागतो, तो तिच्यावरच असतो.