आकाशातला बोगदा आणि कालामांना दिलेली शिकवण



सिनेमात यान एका बिळात शिरते आणि क्षणात दूरच्या ताऱ्यापाशी निघते. हे खरे असते काय, असे मुले विचारतात. त्यांना गप्प बसवू नये, म्हणून आज हा विषय घेत आहोत.

या बिळाला कृमिविवर म्हणतात. अळी फळाला वळसा न घालता ते पोखरून पलीकडे निघते, तसा हा अवकाशातला जवळचा रस्ता. आइन्स्टाइन आणि नेथन रोझेन यांनी १९३५ साली गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणांतून असा पूल मांडला. पण तो इतका झटकन मिटतो की, प्रकाशही पार होत नाही, हे १९६२ साली फुलर आणि व्हीलर यांनी दाखविले.

१९८८ साली मॉरिस आणि किप थॉर्न यांनी पुढचा हिशेब केला. खाणीतल्या बोगद्याला टेकू लागतो, तसा यालाही हवा. साधे द्रव्य ओढून घेते. इथे उलट ढकलणारे, ऋण ऊर्जेचे द्रव्य पाहिजे. अशी ऊर्जा धातूच्या दोन पत्र्यांमधल्या अतिसूक्ष्म फटीत किंचित असते. बोगदा तोलून धरील एवढी कुणी पाहिलेली नाही. कृमिविवरही आजवर कुणाला सापडलेले नाही.

गणितात बसणे वेगळे आणि पुराव्याने सिद्ध होणे वेगळे. गुरुत्वीय लहरींचे भाकीत आइन्स्टाइनने १९१६ साली केले. त्या प्रत्यक्ष टिपल्या गेल्या २०१५ साली. त्या कामासाठी याच थॉर्न यांना दोन सहकाऱ्यांसह २०१७ चे नोबेल मिळाले. कृमिविवरासाठी नव्हे!

ऐकीव आहे, ग्रंथात आहे, गुरू सांगतो, एवढ्यावरून मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. उद्या एखादा भोंदू बाबा ‘विज्ञानानेच सिद्ध केले’ म्हणत परलोकाचे दार दाखवू लागला, तर आपल्या पोरांनी विचारावे, ‘पुरावा कुठे आहे?’

आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली. तिथे शास्त्रज्ञ लागतील, तंत्रज्ञ लागतील. त्यांत आपल्या वस्तीतली लेकरे असावीत, असे आम्हाला वाटते. म्हणून मुलीने गणिताचे पुस्तक उघडले की, निदान तेवढा वेळ तिला घरकामाला हाक मारू नका.