पवनारचा दगड कोणाची साक्ष देतो?

गोदीतून आठ दिवसांची सुट्टी काढून हिंगणीला घरी आलो होतो. टपरीवर सेलूच्या एस.टी.ची वाट बघत चहा पीत होतो. आपल्याच वस्तीतला एक पोरगा मोबाइल पुढे करून म्हणाला, "दादा, आता तं सायन्सनंच सिद्ध केलं ना! रामायण खरंच घडलं म्हून. आपल्या पवनारलेच तं दगड निंगाला, राम-भरताच्या भेटीचा. जमिनीतून निंगालं ते काय खोटं रायते का?"

पोरगा बारावी झालेला. घरात भिंतीवर बाबासाहेब. म्हणून हे लिहायला बसलो. पुराणिकांशी वाद घालून आपले म्हातारे थकले, मला त्यात पडायचं नाही. मला आपल्या पोराला उत्तर द्यायचंय.

तर पवनार. धाम नदीचा काठ. 1938 साली विनोबा तिथे राहायला आले. पुढे शेत खणताना जुनी शिल्पं निघाली. एकात गळाभेट दिसते. विनोबांनी त्यात भरत आणि राम पाहिले, मंदिर केलं. विनोबांचा भाव त्यांच्यापाशी, त्याबद्दल तक्रार नाही. मग आले महामहोपाध्याय वा. वि. मिराशी. वाकाटकांचे ताम्रपट वाचावेत तर त्यांनीच, हे मान्य करून बोलतो. ते म्हणाले, ही शिल्पं रामायणातली, दुसऱ्या प्रवरसेनाच्या राममंदिरातली, आणि पवनार हीच त्याची राजधानी प्रवरपूर. पुढच्या काही अभ्यासकांनी त्याच शिल्पांमध्ये कृष्णकथा वाचली. दगड तेच, देव बदलला! दगडावर नाव कोरलेलं असतं तर हा वादच झाला नसता.

बरं, धरून चालू की राम-भरतच आहेत. मग काय सिद्ध झालं? प्रवरसेन पाचव्या शतकातला. राम त्याच्याही हजारो वर्षं आधीचा, असं भक्तच सांगतात. आणि याच प्रवरसेनाच्या नावावर 'सेतुबंध' आहे, महाराष्ट्री प्राकृतातलं काव्य, रामाच्या पुलावरचं. म्हणजे काव्य ज्या दरबारातलं, शिल्पही त्याच दरबारातलं. कथा खरी कशावरून, तर शिल्प आहे. शिल्प कोणाचं, तर कथेत आहे. एकाच घरातले दोन साक्षीदार एकमेकांकडे बोट दाखवतायत आणि आपण टाळ्या वाजवायच्या!

गोदीत पेटीवर मार्का असतो. माल कोणी पाठवला, कुठं चाललाय, ते मार्क्यावरून कळतं. आत मार्क्यावर लिहिलंय तेच असेल, असं कोणी छातीवर हात ठेवून सांगत नाही. कस्टमवाला उगाच पेट्या फोडत नाही. शिल्प हा मार्का आहे. पाचव्या शतकात इथल्या राजाला ही कथा आवडत होती आणि तिच्यावर खर्च करायला त्याच्याकडे पैसा होता, एवढं तो सांगतो. कथा घडली होती हे नाही सांगत.

वर्धा नदीवरचं कौंडिण्यपूर घ्या. रुक्मिणीचं माहेर, तिथून पंढरीला पालखी जाते. 1962 ते 64 मध्ये मो. गं. दीक्षितांनी तिथे उत्खनन केलं. जुन्या वस्तीचे थरावर थर निघाले, लोखंडयुगापासूनचे. गाव प्राचीन, यात शंका नाही. रुक्मिणी मात्र कुठल्या थरात निघाली नाही. हस्तिनापूरला बी. बी. लाल यांनी 1950 ते 52 मध्ये खणलं. करडी चित्रित भांडी, मातीकुडाची घरं आणि पुराच्या खुणा मिळाल्या. पुराणात पूर आहे, जमिनीत पूर आहे, म्हणून महाभारताला आधार, असं त्यांचं म्हणणं. आमच्या बोर नदीलाही पूर येतो. पुराने पूर सिद्ध होतो, द्रौपदी नाही. तिकडे श्लीमानने 1873 मध्ये ट्रॉयचा राजा प्रायमचा खजिना सापडला म्हणून जगभर डंका पिटला. तो खजिना ट्रोजन युद्धाच्या हजारेक वर्षं आधीचा निघाला.

मग जमीन काहीच सिद्ध करत नाही का? करते. आणि तेच कोणी मोबाइलवर दाखवत नाही. अचलपूरजवळच्या चम्मकचा ताम्रपट आहे, याच दुसऱ्या प्रवरसेनाचा, राज्याच्या अठराव्या वर्षाचा. चर्मांक नावाचं गाव, 8000 भूमी मापाचं, 1000 ब्राह्मणांना दान. अट एवढीच, की राजद्रोह करू नये, ब्रह्महत्या करू नये, चोरी-व्यभिचार करू नये, लढाई करू नये. याला म्हणतात पुरावा! नाव, गाव, माप, अट, सगळं तांब्यात ठोकलेलं. त्या गावात आधी कोण राबत होतं, ते लिहिलेलं नाही. (चर्मांक या नावात 'चर्म' आहे. त्यावरून ते आपलंच गाव होतं असं ठोकून द्यायला माझी जीभ वळवळते. पण तसं केलं तर माझ्यात आणि त्या मोबाइलवाल्यात फरक काय?)

अयोध्येतही तेच. 2003 च्या उत्खननात खाली जुनी वास्तू मिळाली. ती पाडून मशीद बांधली का, याचं उत्तर अहवालात नव्हतं. पुरातत्त्वाच्या निष्कर्षावर मालकी ठरवता येत नाही, हे 2019 च्या निकालात सुप्रीम कोर्टानेच लिहिलंय. पण मशीद 1992 मध्येच पाडून झाली होती, आणि तिच्यापायी या मुंबईत माणसं मेली होती.

आता आपल्याकडे वळू. दुसऱ्याची पेटी फोडायची आणि आपली तशीच गेटबाहेर काढायची, हे चालणार नाही. पवनीला 1969-70 मध्ये मोठे स्तूप निघाले. दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मीत कोरलेली. वाचून छाती फुगते. तिथेच एक नागराज कोरलाय, खाली त्याचं नाव मुचलिंद. भगवंतावर फणा धरणारा तो. तर नागाने खरंच फणा धरला होता, असं म्हणायचं का? नाही. दोन हजार वर्षांपूर्वी पवनीचे लोक ती गोष्ट सांगत होते, इथवरच. मनसरला तर आपल्याच भिक्खूंच्या पुढाकाराने उत्खनन झालं. नागार्जुन मिळेल ही आस होती. हिडिंबा टेकडीवर विटांचं भलंमोठं शिवालय निघालं. प्रवरेश्वराचं नाव असलेल्या मुद्रा मिळाल्या. हिडिंबाही नाही! आणि प्रवरपूर पवनार नसून मनसरच, असंही आता काही अभ्यासक म्हणतात. आपल्यापैकी काहींना शिवालय पचत नाही. पचवायला पाहिजे.

आपण माणूस आहोत हे सांगायला आपल्याला कुठलाही खड्डा लागत नाही. चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी उत्खननाचा अहवाल दाखवून मागितलं नव्हतं.

पोराला एवढं सगळं टपरीवर सांगता आलं नाही. त्याला विचारलं, बुटीबोरीपासून जवळ टाकळघाट-खापा आहे, कधी गेलास? नाही म्हणाला. तिथे मोठमोठ्या दगडांची वर्तुळं आहेत. 1968-69 मध्ये नागपूर विद्यापीठाने खणली. माणसांसोबत पुरलेले घोडे निघाले, लोखंडी हत्यारं निघाली. तिकडे पारशिवनीजवळ नायकुंडला तर लोखंड वितळवायची भट्टीच मिळाली, सुमारे 2700 वर्षांपूर्वीची. भाता फुंकणाऱ्याची कथा कुठल्या पुराणात नाही. भट्टी आहे.

"त्याहीचा देव कोनता होता, दादा?"

"माहीत नाही बे. लिहिता येत नव्हतं त्यांना."

तेवढ्यात एस.टी. आली. तो म्हणाला, थांब, मी पण येतो.