डोळ्यावरची सक्ती आणि वाचकाचे स्वातंत्र्य

वाचककेंद्री समीक्षेच्या समर्थनार्थ दृश्यकलेतील दाखले देण्याची एक प्रथा पडून गेली आहे आणि त्यांत ‘ऑप आर्ट’चा दाखला विशेष लाडका आहे. चित्रफलकावर काहीच हलत नसते, हालचाल घडते ती पाहणाऱ्याच्या डोळ्यात. तेव्हा कलाकृती पाहणाराच निर्माण करतो, आणि त्याच न्यायाने संहिता वाचकच निर्माण करतो, असा हा युक्तिवाद. तो ऐकायला सोपा आणि उत्तरपत्रिकेत लिहायला त्याहून सोपा आहे. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, हा साक्षीदार ज्या पक्षाने उभा केला त्याच पक्षाविरुद्ध साक्ष देतो.

चर्चा मोघम राहू नये म्हणून एकच चित्र समोर ठेवू. ब्रिजेट रायली (जन्म १९३१) यांचे ‘मूव्हमेंट इन स्क्वेअर्स’ हे १९६१ सालचे चित्र टेम्परा रंगांत, हार्डबोर्डावर केलेले आहे. ते ब्रिटनच्या आर्ट्‌स कौन्सिलच्या संग्रहात आहे. उंची-रुंदी सव्वाशे सेंटिमीटरांच्या आसपास. बुद्धिबळाच्या पटासारखी काळ्यापांढऱ्या चौकोनांची मांडणी. डावीकडून उजवीकडे जाताना उभ्या रांगांची रुंदी घटत जाते. मध्याच्या उजव्या बाजूस चौकोनांच्या नुसत्या फटी उरतात. तेथून त्या पुन्हा रुंदावतात. सपाट फळी जणू घडी पडून आत ओढली जात आहे, असे दिसते.

आता या ‘दिसण्या’चे स्वरूप तपासू. रुंदी घटली की पृष्ठभाग आपल्यापासून वळतो आहे, दुरावतो आहे, असे डोळा मानतो. परंतु दूर जाणाऱ्या चौकोनांची उंचीही कमी व्हावयास हवी. येथे ती तसूभरही कमी होत नाही. आडव्या रांगा या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ आणि समांतर धावतात. म्हणजे रुंदी जी खोली सांगते, ती उंची नाकारते. डोळा या दोन विधानांपैकी कोणत्याही एकावर स्थिरावू शकत नाही आणि त्या अस्थिरतेलाच आपण हालचाल म्हणतो. हा विरोध पाहणाऱ्याने चित्रात आणलेला नाही. तो फळीवर आखलेला आहे आणि मोजपट्टीने मोजता येतो.

स्टॅन्ली फिश यांनी १९८० सालच्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, आपण ज्यांना संहितेचे रूपविशेष म्हणतो तेही अर्थनिर्णयाच्या रीतींतूनच उपजतात आणि त्या रीती वाचकसमूहांच्या असतात. हा सिद्धान्त या चित्रापुढे उभा करून पाहावा. फळी सपाट आहे हे आपल्याला ठाऊक असते. हात फिरवून खात्री करून घेतली तरी घडी मिटत नाही. कोणत्याही वाचकसमूहाने ठराव करून ती मिटणार नाही. यावर असा आक्षेप येईल की दृष्टिभासही संस्कृतिसापेक्ष असतात. सीगल, कॅम्पबेल आणि हर्स्कोव्हिट्स यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरनिराळ्या समाजांत काही भासांची तीव्रता कमीअधिक आढळली, हे खरेच आहे. परंतु ज्या परिसरात डोळा वाढतो त्याने घडविलेली सवय ही गोष्ट निराळी आणि वाचकाने निवडलेली वाचनपद्धती निराळी. पहिलीत स्वातंत्र्याचा अंशही नाही.

सगळा घोटाळा ‘सहभाग’ आणि ‘स्वातंत्र्य’ या दोन संकल्पनांची अदलाबदल केल्याने झाला आहे. या चित्रात पाहणाऱ्याचा सहभाग पूर्ण आहे. त्याच्या डोळ्यावाचून तेथे घडी नाही. स्वातंत्र्य मात्र जवळजवळ शून्य आहे. उम्बेर्तो एको यांनी ‘मुक्त कृती’ची कल्पना १९६२ साली ग्रंथरूपाने मांडली, त्याच वर्षी त्यांनी मिलानमधील ‘आर्ते प्रोग्रामाता’ या गतिशील कलेच्या प्रदर्शनासाठी लिहिले. त्याच एकोंना १९९० साली अर्थनिर्णयाच्या मर्यादांवर स्वतंत्र ग्रंथ लिहावा लागला. त्यांच्या नावाने अमर्याद मोकळीक मागणाऱ्यांनी दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचावेत.

येथे प्रतिपक्षही निर्दोष नाही. ऑप आर्ट ही निव्वळ हातचलाखी, डोळ्याला दिलेली गुदगुली, तीत आशय कोठला, असे म्हणणारे समीक्षक १९६५ सालीच पुढे आले होते. रोझालिंड क्राउस यांचा त्या वर्षीचा लेख त्यांतला महत्त्वाचा. वाचकवादी म्हणतात, सर्व काही पाहणाऱ्याचे; हे म्हणतात, सर्व काही शरीरयंत्राचे. दोघांनीही फळीकडे पाठ फिरवली आहे. घडी नेमकी मध्यावर का नाही, हा प्रश्न दोघेही विचारीत नाहीत. ती मध्यावर असती तर दोन सारख्या बाजूंची शोभिवंत समता झाली असती. ती उजवीकडे सरकल्यामुळे डावीकडचा उतार लांब आणि संथ, तर उजवीकडची परत फेड तुटक होते. हा निर्णय आहे, आणि तो कोणा एका व्यक्तीने घेतलेला आहे.

निर्णय वगळला की काय उरते, ते १९६५ साली न्यूयॉर्कमध्ये दिसले. म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये विल्यम साइट्झ यांनी मांडलेल्या ‘द रिस्पॉन्सिव्ह आय’ प्रदर्शनात रायली यांची चित्रे होती. त्याच सुमारास संग्राहक आणि वस्त्रोत्पादक लॅरी ऑल्ड्रिच यांनी आपल्या संग्रहातील त्यांच्या चित्रावरून कापड तयार करवले आणि दुकानांच्या काचांआड ऑपची नक्कल झळकू लागली. रायली यांनी या प्रकाराला उघड विरोध केला. तो विरोध केवळ मालकीहक्काचा मानणे चुकीचे होईल. कापडावर आकृती कितीही वेळा पुन्हा छापता येते आणि कोठेही कापता येते. चित्राला कडा असतात आणि त्या कडांच्या आत क्रम असतो. कापडवाल्याने परिणाम उचलला आणि क्रम टाकून दिला. आमचे वाचकवादी संहितेचे याहून वेगळे काय करतात?

रायली यांनी पुढे प्रत्यक्ष रंगकाम साहाय्यकांकडे सोपविले, यावरून लेखकाच्या मृत्यूची आठवण कोणास होईल. रोलां बार्थ यांचा त्या विषयावरील निबंध १९६७ साली प्रथम इंग्रजीत आला. परंतु हात बदलल्याने निर्णय बदलत नाहीत. कागदावरील कच्च्या अभ्यासांतून रुंदी, अंतर, रंग ठरविण्याचे काम रायली यांनी स्वतःकडेच ठेवले. कुंचल्याचा फटकारा गेला आणि रचनाकार अधिकच ठळक झाला.

मराठी वाचकाला हे परके वाटण्याचे कारण नाही. ओवीचा चौथा चरण आखूड असतो. तेथे थबकतो तो वाचकाचाच श्वास, पण तो कोठे थबकावा हे कवीने ठरविलेले असते. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या तीन लयतत्त्वांवर सौंदर्यविचार उभारला. त्यांच्या सिद्धान्ताशी कितीही मतभेद असोत, तो सिद्धान्त समीक्षकाला कृतीतील संबंध एकेक करून दाखविण्यास भाग पाडतो. वाचकाच्या स्वातंत्र्याची घोषणा तसे काहीच भाग पाडीत नाही. म्हणूनच ज्या शोधनिबंधांत कवितेच्या एकाही ओळीची बांधणी तपासलेली नसते, त्यांत ही घोषणा सर्वांत मोठ्याने ऐकू येते.

वाचकाला स्वातंत्र्य नाही, असे येथे सुचवायचे नाही. घडी पाहून कोणाला भय वाटेल, कोणाला आनंद. कोणी तीत युद्धोत्तर काळाची अस्थिरता वाचील. या वाचनांत वाद होऊ शकतो आणि व्हावा. पण तो वाद कशाविषयी आहे, हे ठरविणारी वस्तू वादाच्या आधीपासून भिंतीवर असते. तिच्या रुंदी-उंचीचा हिशेब ज्याने केला नाही, त्याच्या स्वातंत्र्याला आपण आळस म्हणावे. पदव्युत्तर वर्गात ऑप आर्टचा दाखला यापुढेही जरूर द्यावा. फक्त देण्यापूर्वी त्या चित्रासमोर, निदान त्याच्या चांगल्या प्रतिमुद्रेसमोर, पुरेसा वेळ उभे राहावे.