‘डाव्यांचा अड्डा’ आणि मोकळी सोडलेली बाके

ठाण्याच्या जोशी-बेडेकर, कल्याणच्या बिर्ला किंवा डोंबिवलीच्या पेंढरकर महाविद्यालयातून राज्यशास्त्र वा इतिहास घेऊन पदवीधर होणाऱ्या मुलामुलींच्या घरी दर वर्षी एक प्रश्न उभा राहतो. एम.ए. कोठे करावे? मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात, की दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात? बहुतेक घरांत दुसऱ्या पर्यायाचा विचारच होत नाही. ‘जेएनयू? नको रे बाबा, तो डाव्यांचा अड्डा!’ एवढ्यावर विषय मिटतो. असे म्हणणारे गृहस्थ गुढीपाडव्याला फडके रोडवरील शोभायात्रेत सहकुटुंब असतात आणि ‘आपला इतिहास डाव्यांनी लिहिला’ हे वाक्य व्याख्यानात आले की मान डोलावतात. वाक्य खोटे नाही. मात्र तो लिहिण्याचा अधिकार ज्या वर्गांतून मिळतो, त्या वर्गांत राष्ट्रीय विचारांच्या घरांतील किती मुले जाऊन बसली, हा प्रश्न सभागृहात कोणी विचारत नाही.

१८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाची बलस्थाने नाकारण्याचे कारण नाही. घरचा डबा घेऊन जलद लोकलने कुर्ल्याला उतरावे आणि कलिन्याला पोहोचावे. राहण्या-जेवणाचा खर्च नाही, जोडीला एखादी नोकरीही करता येते. मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याला राज्य अभिलेखागार आणि एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय याच शहरात आहे. अशा विद्यार्थ्याने दिल्लीला जाण्याची गरजच काय? परंतु शेकडो संलग्न महाविद्यालयांच्या परीक्षा घेता घेता हे विद्यापीठ परीक्षेचा कारखाना झाले आहे. २०१७ मध्ये संगणकावर उत्तरपत्रिका तपासण्याच्या घाईत निकाल महिनोन् महिने रखडले आणि अखेर कुलगुरूंना पदावरून जावे लागले. शिवाय लोकल पकडण्याची घाई असलेल्या विद्यार्थ्याला तास संपल्यावर प्राध्यापकांशी तासभर वाद घालणे परवडत नाही.

१९६९ साली स्थापन झालेल्या जेएनयूत नेमके तेच घडते. विद्यार्थी तेथेच राहतो. रात्रीच्या जेवणानंतर मेसमध्ये सभा होतात, देशभरातून आलेली मुले एकमेकांची मते खोडून काढतात. याच वातावरणाच्या बळावर डाव्यांनी तेथे आपला मठ उभारला, आणि ‘मतभिन्नते’चा जयघोष करणाऱ्या या मंडळींना भिन्न मताचा प्राध्यापक मात्र कधी मानवला नाही. ९ फेब्रुवारी २०१६ रोजी अफजल गुरूच्या नावाने झालेला कार्यक्रम देश विसरलेला नाही. पण म्हणून मैदान सोडायचे? २००० साली अभाविपचे संदीप महापात्रा तेथे विद्यार्थी संघाचे अध्यक्ष झाले ते अवघ्या एका मताने. एप्रिल २०२५ मध्ये वैभव मीणा सहसचिवपदी निवडून आले; त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती जागाही गेली. एकेका मताचा हिशेब असलेल्या ठिकाणी डोंबिवलीचे मत नसते.

दरम्यान तेथे बरेच बदलले आहे. २००१ मध्ये सुरू झालेल्या संस्कृत अध्ययन केंद्राचे आता स्वतंत्र प्रशाळेत रूपांतर झाले आहे. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्यानंतर जुलै २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते तेथे कुसुमाग्रजांच्या नावे मराठी भाषा, साहित्य व संस्कृती केंद्राचे उद्घाटन झाले. छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावे सामरिक अध्ययन केंद्रही उभे राहत आहे. शासन इमारत देईल, निधी देईल. विद्यार्थी कोणी द्यायचे?

मुलीला इतक्या दूर पाठवण्याची धास्ती आईला वाटते. ती खरी आहे, तिची चेष्टा करू नये. परंतु हीच घरे अभियंता झालेल्या मुलाला कर्ज काढून अमेरिकेला धाडतात, तेव्हा तेथील आवारातील विचारसरणीची चौकशी कोण करते? सप्टेंबर २०२१ मध्ये ‘जागतिक हिंदुत्वाचे उच्चाटन’ अशा आशयाच्या शीर्षकाची परिषद झाली, तिला अनेक अमेरिकी विद्यापीठांतील विभागांचे पाठबळ होते. त्यानंतर ठाण्या-डोंबिवलीतून किती व्हिसा रद्द झाले? डॉलर मिळणार असतील तर विचारसरणी चालते; देशाचे धोरण, परराष्ट्रनीती, इतिहास शिकायचा म्हटले की तीच आडवी येते, हा व्यवहार चमत्कारिक म्हटला पाहिजे.

ज्याला मोडी कागदपत्रे वाचायची आहेत, त्याने मुंबईतच राहावे. ज्याला आंतरराष्ट्रीय संबंधांचा अभ्यास करायचा आहे, त्या मुलीला दिल्लीची गाडी धरू द्यावी. चार पिढ्या संघशाखेत गेलेल्या घरातील मुलगी दोन वर्षे डाव्या प्राध्यापकांसमोर बसली म्हणून संस्कार विरघळणार असतील, तर ते कच्चे होते; त्याचे खापर विद्यापीठावर फोडता येणार नाही. जेएनयूतील एम.ए.चा प्रवेश आता सीयूईटी-पीजी या परीक्षेतून होतो आणि ती परीक्षा मार्चच्या सुमारास असते. ‘पदवीचा निकाल लागू दे, मग बघू’ म्हणणाऱ्या वडिलांचा निर्णय होईपर्यंत अर्जाची मुदत केव्हाच संपलेली असते.