हातातले चाक आणि घरची माणसे



या सदरात आपण बियाणे, खते, रोग आणि कीड यांविषयी बोलतो. आज मात्र गाडीच्या स्टेअरिंगविषयी बोलायचे आहे. तुम्ही म्हणाल, शेतीखात्याच्या माणसाने या भानगडीत कशाला पडावे? पण भेंडी तोडून पाट्यांत भरली म्हणजे शेती संपली असे नाही. ती भातसानगरहून शहापूर, आसनगाव करीत वाशीच्या बाजारात उतरेपर्यंत शेतीच चालू असते. त्या वाटेवर आपला माल, आपले कर्ज आणि आपले पोर या तिघांचाही भार हातातल्या एका चाकावर असतो.

डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट सांगतो. भातसाच्या कालव्याच्या पाण्यावर भाजीपाला करणारे एक घर आहे. घरातल्या मुलाने कर्ज काढून जुनी पिकअप घेतली. कंपनीचे स्टेअरिंग उन्हाने तडकलेले, हाताला चिकट लागणारे. त्याने बाजारातून एक लहान, लाल, चकचकीत चाक आणले आणि रात्री बॅटरीच्या उजेडात स्वतःच बसवले. सकाळी मला मोठ्या हौसेने दाखवले. मीही "झकास दिसते" म्हणून मोकळा झालो. कसे बसवले, हे विचारायचे मला सुचले नाही. ती चूक माझी.

संध्याकाळी त्याच गाडीतून मी शहापूरला निघालो. कालव्याजवळच्या वळणावर त्याने चाक फिरवले. चाक फिरले, पण गाडी वळली नाही! रस्ता खराब असल्यामुळे वेग बैलगाडीइतकाच होता. त्याने ब्रेक दाबला आणि गाडी बांधाला टेकून थांबली. पाट्या उलटल्या, भेंडी मातीत गेली. आम्हाला ओरखडासुद्धा आला नाही. पण कालवा तिथून दहा पावलांवर होता.

मिस्त्रीने चाक काढून पाहिले तेव्हा उलगडा झाला. स्टेअरिंगच्या दांड्याच्या टोकाला बारीक दाते असतात. चाकाच्या मधल्या तुकड्याचे दाते त्यांत तंतोतंत बसावे लागतात. इथे तो तुकडा दुसऱ्याच गाडीचा होता. दोन-चार दात्यांवर कसाबसा अडकला होता आणि वरून नट आवळला होता. जोर पडताच दाते झिजून सपाट झाले. मुलाचे वडील भेंडी वेचता वेचता म्हणाले, "साहेब, बैलाची वेसण बदलायची तर दोन माणसे लागतात. ह्याने गाडीची वेसण रातोरात एकट्याने बदलली."

म्हणून सांगतो, चाक बदलण्याआधी ते का बदलायचे हे स्वतःला विचारा. "स्टेअरिंग जड जाते" हे उत्तर असेल, तर दोष बहुधा चाकात नसतोच. पुढच्या टायरांत हवा कमी असेल, किंगपिनला महिनोन्‌महिने ग्रीस मिळाले नसेल, टाय रॉडचे सांधे झिजले असतील, अलाइनमेंट बिघडले असेल किंवा माल गाडीच्या ताकदीपेक्षा जास्त भरला असेल. आधी हवा तपासा, ग्रीस द्या, सांधे पाहा. अनेकदा एवढ्यानेच काम होते आणि खर्चही थोडक्यात आटपतो.

लहान चाक बसवल्याने तर गाडी आणखी जड होते. जात्याचे उदाहरण घ्या. खुंटा पाळीच्या कडेला असतो म्हणून जाते हलके फिरते. तोच खुंटा मध्याच्या जवळ ठोकला तर घरच्या लक्ष्मीचे खांदे दुखून येतील. स्टेअरिंगचे तसेच आहे. १८ इंचांचे चाक काढून १४ इंचांचे बसवले, तर जिथे ७ किलोंचा जोर लागत होता तिथे ९ किलोंचा लागेल. भरलेल्या गाडीने कसारा किंवा माळशेज घाट चढणाऱ्याला हा फरक पहिल्याच वळणावर कळतो.

पहिल्या मोटारींना गोल चाक नव्हतेच. नावेच्या सुकाणूसारखा दांडा असे. १८९४ मध्ये फ्रान्समधील पॅरिस ते रुआँ या शर्यतीत आल्फ्रेद वाशरों याने आपल्या पानार गाडीला गोल चाक लावले आणि पुढे तीच रीत पडली. जुन्या ट्रकांची चाके परातीएवढी मोठी असत, ती शोभेसाठी नव्हे. पॉवर स्टेअरिंग नव्हते, म्हणून माणसाच्या दंडाला आधार हवा होता. १९५१ मध्ये अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने विक्रीच्या मोटारीत पॉवर स्टेअरिंग दिले. आज ते आपल्या पिकअपमध्ये आणि ट्रॅक्टरमध्येही मिळते. नवी गाडी घेताना चार पैसे जास्त पडले तरी ते असलेली घ्या. जुन्या गाडीला मात्र नुसते चाक बदलून पॉवर स्टेअरिंग येत नाही. त्याला पंप, तेलाच्या नळ्या आणि वेगळा स्टेअरिंग बॉक्स लागतो. ते झाडाखाली बसून करायचे काम नव्हे.

इथे एक धोक्याची सूचना. डिझेल वाचवण्यासाठी घाट उतरताना इंजिन बंद करण्याची काहींना सवय असते. इंजिन बंद झाले की पॉवर स्टेअरिंगची मदत जाते आणि चाक एकदम दगडासारखे जड होते. ब्रेकची मदतही दोन-चार दाबांत संपते. वाचलेल्या वाटीभर डिझेलसाठी जीव टांगणीला लावू नका. ज्या गिअरमध्ये चढता, त्याच गिअरमध्ये उतरा.

आता समजा, चाक खरोखरच तडकले आहे आणि बदलायलाच हवे. मग एवढे पाळा.

त्याच कंपनीचे, त्याच मॉडेलचे आणि त्याच मापाचे चाक घ्या. चाकाच्या मध्यभागी एअरबॅग असेल तर घरी हातसुद्धा लावू नका. ती स्फोटासारखी उघडते. असे काम कंपनीच्या वर्कशॉपमध्येच करून घ्या.

साधे चाक असेल तरी काम जाणत्या मिस्त्रीकडे द्या आणि शेजारी उभे राहून पाहा. पुढची टायरे सरळ करून ठेवावीत. बॅटरीची तार काढावी. जुने चाक काढण्यापूर्वी चाकावर आणि दांड्यावर खूण करावी. हातोडीचे घाव न घालता पुलरने चाक ओढून काढावे. नवे चाक दात्यांवर पूर्ण खाली बसले का ते पाहावे. मधला नट अंदाजाने न आवळता टॉर्क पान्याने कंपनीच्या मापाप्रमाणे आवळावा. मग हॉर्न वाजतो का आणि वळणानंतर इंडिकेटर आपोआप बंद होतो का ते तपासावे. शेवटी चाक धरून पुढे-मागे आणि वर-खाली हलवून बघावे. पहिली फेरी रिकाम्या गाडीने, मोकळ्या मैदानात, हळू मारावी. माल त्यानंतर भरावा.

चाकावर कव्हर घालायला हरकत नाही, पण ते मापाचे आणि घट्ट शिवलेले असावे. पावसाळ्यात ओल्या हाताखाली सैल कव्हर सरकते आणि ऐन वळणावर हातात नुसती पिशवी राहते. काहीजण एका हाताने चाक फिरवण्यासाठी वर लट्टू बसवतात. खड्ड्यात टायर आपटले की चाक झटका मारते आणि तोच लट्टू मनगटावर बसतो. तो काढून टाकलेला बरा.

कायद्याचेही थोडे लक्षात ठेवा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातल्या तपशिलात फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अपघात झाला तर विमा कंपनीही अशा बदलावर बोट ठेवू शकते. कंपनीच्या मूळ चाकासारखे चाक बसवलेत तर ही चिंता राहत नाही.

१९८९ च्या केंद्रीय नियमांतला ९८ वा नियम सांगतो की स्टेअरिंगमधली ढिलाई ३० अंशांपेक्षा जास्त नसावी. हे घरी सहज पाहता येते. गाडी सपाट जागी सरळ उभी करा. एकाने खाली बसून पुढच्या टायरावर नजर ठेवावी आणि दुसऱ्याने चाक हळूच फिरवावे. टायर हलायला लागेपर्यंत चाक किती फिरले ते पाहा. घड्याळातल्या बारापासून एकपर्यंतचे अंतर म्हणजे ३० अंश. त्याहून जास्त फिरत असेल तर गाडी त्याच दिवशी मिस्त्रीकडे न्या. कमी असले तरी ढिलाई वाढते आहे असे वाटले, तर थांबू नका.

भगिनींनो, ही परीक्षा तुम्हीही करू शकता. पोळ्याला बैल धुता, दसऱ्याला गाडीला हार घालता. तो हार घालण्यापूर्वी एकदा हे चाक हलवून बघा.

त्या मुलाने पुढे कंपनीचेच काळे चाक बसवून घेतले. लाल चाक आता त्यांच्या पडवीत खुंटीला टांगलेले आहे. वडिलांनी ते मुद्दाम तसे ठेवले आहे. नवा ड्रायव्हर घरी आला की ते आधी त्या चाकाकडे बोट दाखवतात आणि मग चहा देतात.

पुढच्या भेटीत भाताच्या रोपवाटिकेविषयी बोलू. तोवर गाडी जपून हाका.