गुडघा बदलला, पुढचे काय?

१६ ऑगस्ट २०१७ रोजी केंद्र सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा मध्यमवर्गीय घरांतून त्या निर्णयाचे मनःपूर्वक स्वागत झाले, आणि ते योग्यच होते. सर्वाधिक वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा तोवर सरासरी दीड लाखावर विकला जात असे. त्याची कमाल किंमत कर वगळून ५४,७२० रुपये ठरविण्यात आली. परंतु सांधा स्वस्त झाला म्हणजे माणूस चालू लागला, असे नव्हे. शस्त्रक्रिया दीड-दोन तासांत आटोपते. चालणे मात्र पुढच्या तीन महिन्यांत, आणि तेही बहुतांशी घरी, कमवावे लागते. या तीन महिन्यांची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न सरकारने त्या वेळी विचारला नाही आणि पुढेही कोणी आग्रहाने विचारलेला नाही.

धातूचा सांधा बसविला तरी तो हलवावयाचा असतो मांडीच्या स्नायूंनीच. आधीच वर्षानुवर्षांच्या दुखण्याने रोडावलेल्या या स्नायूंचे बळ शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यात निम्म्यावर, पुष्कळदा त्याहूनही खाली येते. त्याच काळात सांध्याभोवती व्रणाच्या ऊती धरू लागतात. गुडघा रोज वाकविला नाही, आणि मुख्य म्हणजे पूर्ण सरळ केला नाही, तर तो आखडतो व आखडलेलाच राहतो. आपल्या घरांतून नेमके याच्या उलट घडते. आजारी माणसाला ‘पडून राहा’ म्हणणे हा आपल्याकडे मायेचा पहिला उद्गार. सून किंवा लेक प्रेमाने गुडघ्याखाली उशी सारते, रुग्णास बरे वाटते, आणि तेवढ्यानेच पाय किंचित वाकडा राहण्याची सोय होते! व्यायामाने दुखते, म्हणून व्यायाम राहतो. यात घरच्यांचा दोष काय? त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

सांगणारा भौतिकोपचारतज्ज्ञ मोठ्या शहरात घरी येतो, पण दर खेपेस पैसे घेऊन. आणि निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या शिक्षकाच्या घरात दुसऱ्या आठवड्यापासून खेपा मोजल्या जाऊ लागतात. खेड्यातील रुग्णाने तर दुखऱ्या पायाने एसटीची उंच पायरी चढून तालुक्याला जावे, तेव्हा पाय बरा करण्याचे शिक्षण मिळणार. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेने रुग्णालयातून सुटल्यानंतरचा खर्च हिशेबात धरला, हे खरे. पण त्याची मुदत १५ दिवसांची. गुडघ्याच्या बाबतीत एवढ्या दिवसांत जेमतेम टाके निघतात.

तरुणांची गोष्ट उलटी. कबड्डीच्या मैदानावर गुडघ्यातील अस्थिबंध तुटलेला विद्यार्थी शस्त्रक्रियेनंतर चार महिन्यांत धावू लागतो, दुखतही नाही, आणि पुढच्या स्पर्धेचे वेध लागतात. बसविलेला अस्थिबंध मात्र अद्याप कच्चाच असतो. नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जायबंदी होण्याचा धोका बराच अधिक, हे संशोधनाने दाखविलेले आहे. त्याला थोपविणारे माणूसही शाळा-महाविद्यालयांत क्वचितच आढळते.

वास्तविक पुनर्वसनाचा विचार या राज्याला नवा नाही. कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू केले. हाजी अलीजवळची पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था १९५५ पासूनची. तिथली विद्या जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचविण्यास फार मोठा खर्च येईल, असेही नाही. सांध्याच्या किमतीतच बारा आठवड्यांच्या उपचारांचा आकार धरावा, रुग्णालयाने घरी सोडताना औषधांच्या यादीबरोबर व्यायामाचा चित्रांसह मराठी कागद द्यावा आणि घरच्या एका माणसाकडून ते व्यायाम प्रत्यक्ष करवून घ्यावेत. कचेऱ्यांनीही वैद्यकीय रजेचा अर्थ ‘पूर्ण गैरहजर किंवा पूर्ण हजर’ एवढाच न ठेवता, पहिले काही आठवडे अर्धा दिवस कामाची मुभा द्यावी. तिसऱ्या मजल्यावरच्या कारकुनाचे टेबल तेवढ्या काळापुरते तळमजल्यावर आणण्यास तर कोणत्याही शासकीय ठरावाची गरज नाही.