स्मरणचित्र कुणाच्या स्मरणातलं?

आमच्याकडं कुठल्याही शाळेत जा, लेकरांना कागद द्या आणि "निसर्गचित्र काढा" म्हणा. कागदावर काय उमटेल ते मी आत्ताच सांगतो. दोन त्रिकोणी डोंगर, मधून डोकावणारा अर्धा सूर्य, त्याच सांदीतून निघालेली निळी नदी, काठावर कौलारू झोपडी, झोपडीला टेकलेलं नारळाचं झाड. आणि वर आकाशात चार-पाच तिरप्या टिकमार्क. म्हणजे पक्षी!

आता जरा पालमच्या बाहेर पडून चहूकडं नजर टाका. बालाघाटाच्या रांगा आहेत की, पण त्रिकोणी कुठं आहेत? बसक्या, सपाट माथ्याच्या, कडेला पायऱ्या पाडल्यासारख्या. लाव्हाचे थर एकावर एक साचून हा सगळा मुलूख झाला, म्हणून आपले डोंगर असे दिसतात. गोदावरी डोंगराच्या फटीतून उगवत नाही, काळ्या रानातून, मातीच्या उंच दरडींमधून संथ जाते. जुनी घरं माळवदाची, नवी पत्र्याची नाहीतर स्लॅबची. झाडं म्हणाल तर बाभूळ आणि कडुलिंब. नारळ असलाच तर कुणीतरी हौसेनं अंगणात लावलेला.

म्हणजे गंमत बघा. लेकरू रोज ज्यातून चालत शाळेत येतं, त्यातलं काहीही त्याच्या चित्रात नाही. आणि जे त्यानं कधी पाहिलं नाही, ते मात्र डोळे मिटून काढता येतं. तरी आपण म्हणणार, "छान काढलंय हं!" नाहीतर त्याहून वाईट, "ह्याचा हात चांगला नाही, चित्रकला ह्याचं काम नाही."

माझं भांडण या दोन्ही वाक्यांशी आहे.

आधी ते हाताचं घेऊ. चित्रकला ही देवाची देणगी, ती ज्याला मिळाली त्याला मिळाली, असं आपल्याकडं अगदी शिकलेली माणसंसुद्धा म्हणतात. अहो, जो हात 'क्ष', 'ज्ञ' आणि 'ऋ' लिहितो त्याला कागदावरचं कोणतं वळण जड जाणार आहे? आमच्या घरातल्या सगळ्या काकू-मावश्या "मला बाई चित्रातलं काही कळत नाही" म्हणतात, आणि दिवाळीत ओंजळभर रांगोळी घेऊन पंधरा ठिपक्यांची नक्षी उंबऱ्यासमोर उतरवतात. मोजपट्टी नाही, खोडरबर नाही, आणि दोन्ही बाजू सारख्या! हाताचा प्रश्न नाहीच मुळी. प्रश्न डोळ्यांचा आहे. आपण बघत नाही. आपल्याला जे माहीत असतं ते काढतो.

साधा तांब्या घ्या. समोर जमिनीवर ठेवा आणि काढा. नवशिका माणूस तोंड जवळजवळ गोल काढतो, कारण तांब्याचं तोंड गोल असतं हे त्याला माहीत आहे. तळाला सरळ आडवी रेघ मारतो, कारण तळ सपाट आहे हेही माहीत आहे. प्रत्यक्षात तोंड दिसतं लंबगोल. आणि तळाची दिसणारी कड सरळ नसते, ती तोंडाच्या कडेपेक्षाही जास्त वाकलेली असते, कारण तळ डोळ्याच्या पातळीपासून आणखी खाली आहे. हे एकदा नीट दिसलं की तांब्या कागदावर 'बसतो'. त्यासाठी देणगी लागत नाही, पाच मिनिटं गप्प बसून बघावं लागतं.

आणि नेमकं हेच बघणं आपण लेकरांकडून काढून घेतलंय. कसं, ते सांगतो.

कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षा सगळ्यांना ठाऊक आहेत, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. इंटरमिजिएटला 'ए' श्रेणी मिळाली तर दहावीला ७ गुण वाढतात, 'बी'ला ५, 'सी'ला ३. पाचशेपैकी सात म्हणजे जवळजवळ दीड टक्का. अकरावीला लातूर-नांदेडकडं डोळे लावून बसलेल्या घरात दीड टक्क्याची किंमत काय असते, हे मी तुम्हाला सांगायला नको. त्या गुणांना माझा विरोध नाही. तालुक्याच्या ठिकाणच्या लेकराला कुठून का होईना टेकू मिळतोय, मिळू दे. पण त्या गुणांपायी चित्रकलेचं झालंय काय? गाईड आणा, त्यातली चार चित्रं पाठ करा. 'बाजार' विषय आला तर हे, 'पावसाळा' आला तर ते, 'सण' आला तर तिसरं. प्रत्येकात तीच माणसं, तेच बाजूला वळलेले चेहरे. हल्ली गाईडच्या जोडीला मोबाईलवर 'पाच मिनिटांत सोपं चित्र' आहेच.

त्या पेपरचं नाव काय, तर स्मरणचित्र! कुणाच्या स्मरणातलं हो? लेकराच्या स्मरणात आठवडी बाजार आहे, त्यातली तराजू धरलेली बाई आहे, पोत्यावर सांडलेल्या मिरच्या आहेत, पाल बांधायची दोरी आहे. पण कागदावर उतरतं ते गाईडचं बत्तीसावं पान. वस्तुचित्राची तर आणखीच मजा. समोर खरीखुरी वस्तू मांडलेली असते, आणि लेकरू मान खाली घालून पाठ केलेली वस्तू काढत असतं.

२०२० साली करोनामुळं या परीक्षा झाल्या नाहीत, आणि पुढच्या वर्षीच्या दहावीला हे गुण मिळणार नाहीत असं सरकारनं सांगितलं. ओरड झाली, आणि ती रास्तच होती. पण "वर्षभर लेकरांनी चित्रच काढलं नाही" अशी तक्रार निदान माझ्या कानावर तरी आली नाही.

आता तुम्ही म्हणाल, सगळे मोठे चित्रकार नक्कल करूनच शिकले की! बरोबर आहे. व्हिन्सेंट व्हॅन गॉगनं १८८० साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, चित्रकार व्हायचं ठरवलं. (सत्ताविसाव्या! आपण सातवीतच निकाल लावून मोकळे होतो.) शार्ल बार्ग या फ्रेंच चित्रकारानं विद्यार्थ्यांसाठी केलेली चित्रं त्यानं पुन्हापुन्हा गिरवली. पण गिरवून झाल्यावर तो उठून शेतात खणणाऱ्या माणसांपुढं जाऊन बसला. आपल्याच मराठवाड्यातल्या अजिंठ्यात १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स आणि त्याचे मुंबईच्या जे.जे. कलाशाळेतले विद्यार्थी भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करत होते. तीही नक्कलच. पण मूळ भिंतीसमोर उभं राहून, अंधुक उजेडात इंच इंच निरखून केलेली. गाईडमधलं चित्र हे नकलेच्या नकलेची नक्कल. त्यात निरखायला उरतंच काय?

आणि देणगीवाल्यांसाठी आर. के. लक्ष्मण. ज्या जे.जे.नं त्यांना प्रवेश नाकारला, त्याच मुंबईत त्यांनी पुढं पन्नासच्या वर वर्षं रोज देशाला हसवलं. लहानपणी ते खिडकीतून दिसणारी झाडं, वाळक्या काटक्या, पाली आणि कावळे काढत बसायचे. कावळे तर आयुष्यभर काढले. कावळा पालमातही आहे, फुकट आहे, आणि पोज देऊन बसतो.

"पण गावात शिकवायला कोण आहे?" हा प्रश्न खरा आहे, तो मी टाळत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीची पटसंख्या शंभराच्या वर असेल तर कलेसाठी अंशकालीन निदेशक हवा असं लिहिलंय. तुमच्या गावच्या शाळेत तो आहे का, हे तुम्हीच जाऊन विचारा. विचारलंच पाहिजे. पण तो येईपर्यंत लेकराच्या हातात गाईड द्यायचं, हे काही उत्तर नव्हे. शिक्षक नसताना करता येण्यासारखं पुष्कळ आहे.

पाठकोरे कागद गोळा करा. एक २बी पेन्सिल बस झाली. खोडरबर महिनाभर कपाटात ठेवा. चुकलेली रेघ राहू द्या आणि तिच्याशेजारी बरोबर रेघ मारा, म्हणजे किती चुकलं ते दिसतं. हात ताठ करून पेन्सिल समोर धरा, एक डोळा मिटा, आणि घागरीची रुंदी उंचीत किती वेळा बसते ते मोजा. खुर्ची काढायची तर खुर्ची काढूच नका, पायांच्या मधे ज्या मोकळ्या जागा दिसतात त्यांचे आकार काढा, खुर्ची आपोआप येते. एखादं रेखाचित्र उलटं धरून उतरवा. हा धडा बेटी एडवर्ड्स या अमेरिकन शिक्षिकेनं १९७९ च्या तिच्या पुस्तकात दिलाय. उलट्या चित्रात नाक-डोळे ओळखू येत नाहीत, मग झक मारत रेघेकडंच बघावं लागतं. बैल काढायचा तर रवंथ करत बसलेला गाठा, अर्धा तास हलत नाही. रोज पंधरा मिनिटं एवढं केलं की दोन-तीन महिन्यांनी पहिला कागद काढून शेजारी ठेवा. मी वेगळं काही सांगायची गरज पडणार नाही.

आणि त्यातून 'ए' श्रेणी मिळाली तर सात गुण कुठं जात नाहीत, ते मिळतीलच. बघायला शिकलेलं लेकरू परीक्षेत मांडलेल्या तांब्याला घाबरत नाही.

असो. फार बोललो. नात्यातल्या सगळ्यांना एवढीच विनंती, की पुढच्या वेळी लेकरानं चित्र आणून दाखवलं तर "छान" म्हणू नका आणि "हात नाही" असंही म्हणू नका. त्याला विचारा, "हे कुठं बघितलंस?" गाईडात, असं म्हणालं तर त्याला घेऊन नदीपर्यंत चालत जा. कागद तुम्ही न्या, पेन्सिल त्याच्याकडं असेलच.